रिंग उभारणी उपसमिती

कुस्ती मला कधी जमली नाही. तथापि त्या विद्येविषयी माझ्या मनात जो नितांत आदर वसत आला आहे, त्याचे कारण मल्लांचे बाहुबल हे नसून कुस्तीचा हौद हे आहे. हौद एकदा खणला, त्यात तांबडी माती चाळून टाकली, तीत तेल, ताक आणि हळद कालवली, की पुढच्या दोन पिढ्यांना ती माती अधूनमधून उकरण्यापलीकडे काही कर्तव्य उरत नाही. त्याला खिळा लागत नाही, पेच लागत नाही, आणि मुख्य म्हणजे उपसमिती लागत नाही. मुष्टियुद्धाची गोष्ट निराळी. दोन तरुणांनी तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, म्हणजे उणीपुरी नऊ मिनिटे, एकमेकांस ठोसे लगावावेत, एवढ्या अल्प प्रयोजनासाठी आधी एक चबुतरा रचावा लागतो, त्यावर फळ्या, फळ्यांवर नमदा, नमद्यावर कॅनव्हास अशी शय्या सिद्ध करावी लागते, चार कोपऱ्यांत चार लोखंडी खांब उभे करून त्यांना दोर ताणावे लागतात, आणि हे सर्व नीट बसविण्यासाठी जी माणसे एकत्र येतात ती त्या नऊ मिनिटांत होणाऱ्या एकंदर मारामारीहून कितीतरी अधिक मारामारी, हातमोजे न घालता, आगाऊच उरकून घेतात.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले, म्हणजे घरटी एक माणूस पलटणीत गेलेला. अशाच एका पलटणीतून सेवानिवृत्त होऊन सुभेदारसाहेब गावी परतले. पलटणीच्या संघातून ते मुष्टियुद्ध खेळत असत, आणि त्यांचे नाक जे एकदा उजवीकडे कलले ते कललेच, यावरून त्यांच्या कोणा प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या हाताविषयी अनुमान बांधता येई. त्यांनी व्यायामशाळेतील पाचपंचवीस पोरांना ही विद्या शिकविली, आणि पोरांनी वार्षिकोत्सवात कुस्त्यांच्या जोडीने मुष्टियुद्धाच्या लढतीही व्हाव्यात असा अर्ज कार्यकारी मंडळापुढे गुदरला. तालमीचे वस्ताद यास राजी नव्हते.

“फळीवर कसली लढत?” ते म्हणाले. “मातीत पडलेला गडी उठतो. फळीवर पडला तर नुसता आवाज होतो.”

“वस्ताद, आमच्यात कोणी पडायला उतरत नाही,” सुभेदारसाहेब म्हणाले.

अखेरीस लढती सर्वानुमते मंजूर झाल्या, वस्तादांचा विरोधही सर्वानुमते नोंदविण्यात आला, आणि रिंग उभारणी उपसमिती नामक संस्था जन्मास आली. तीत माझी जी नियुक्ती झाली तीस माझ्या अंगचा कोणताही गुण कारणीभूत नव्हता. माझ्या घरी पान्हा आहे ही गोष्ट कोणाच्या तरी स्मरणात होती, इतकेच. हा पान्हा वडिलांच्या सायकलीबरोबर आला होता. सायकल गेली, पान्हा राहिला, आणि वडिलोपार्जित मिळकतीबरोबर तिची जोखीमही वारसाकडे येते या न्यायाने मी उपसमितीचा तांत्रिक सदस्य झालो.

रिंग जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका संस्थेकडून भाड्याने आणण्याची तजवीज झाली होती. ती एका रात्री ट्रकमधून आली आणि तिच्यासोबत एक फेरिस्तही आली. तीत ‘पाय, लोखंडी’, ‘तुळया, लोखंडी’, ‘फळ्या, लाकडी’ असे जिन्नस क्रमवार नमूद होते, आणि शेवटी ‘किरकोळ सामान, एक पोते’ असा जो मजकूर होता त्या पोत्यातच, पुढे कळून आल्याप्रमाणे, खरी रिंग होती. वरील जिन्नस हे केवळ तिचे वजन होते. प्रत्येक तुळईवर रंगाने क्रमांक घातलेला होता. ज्याने तो प्रथम घातला त्याची बुद्धी वंदनीय होय. परंतु त्यानंतर रिंग ज्या ज्या गावी गेली त्या त्या गावच्या उपसमितीने आपला स्वतंत्र क्रमांक वेगळ्या रंगाने त्यावर चढविला होता, आणि परिणामी एकच तुळई पांढऱ्या रंगाच्या मते तिसरी, हिरव्या रंगाच्या मते अकरावी आणि खडूच्या मते ‘ही नको’ अशी होती.

उभारणीचे काम गावच्या मांडववाल्यांकडे सोपविण्यात आले. “आवो, जिंदगी गेली इस्टेजी घालन्यात,” ते म्हणाले. “चार खांब, फळ्या, वर कापाड. ह्यात शिकायचं ते काय?” त्यांनी घातलेले स्टेज आजवर कोसळले नव्हते हे खरे, परंतु त्या स्टेजांवर वधूवरांनी आजवर एकमेकांच्या अंगावर धावूनही जाऊन पाहिले नव्हते. चारी बाजूंनी माणसे बसणार आहेत हे कळताच मात्र त्यांचा चेहरा उतरला. “मग मागली बाजू कंची?” त्यांनी विचारले. मागली बाजू नाहीच, असे सांगितल्यावर ते बराच वेळ मैदानाकडे पाहत राहिले. प्रश्न मूलगामी होता. ज्या रचनेला मागली बाजू नाही तीत मोडक्या खुर्च्या, उरलेली सुतळी आणि पंगतीचे पातेले लपवायचे कोठे, याचे उत्तर जगातल्या कोणत्याही नियमावलीत दिलेले नाही.

इकडे सामान उतरविण्यास सुरुवात होताच मी, अशा प्रसंगी विचारी माणसाने जेथे असावे तेथे, म्हणजे वाचनालयात, जाऊन बसलो आणि मुष्टियुद्धाचा पूर्वेतिहास चाळू लागलो. १७४३ साली जॅक ब्रॉटन नामक इंग्रज मल्लाने या खेळाचे पहिले नियम केले तेव्हा मंचाच्या मध्यभागी खडूने एक गज लांबीरुंदीचा चौकोन आखणे एवढीच काय ती पूर्वतयारी त्यात सांगितलेली होती. खडूचा एक तुकडा! पुढे १८३८ च्या नियमांनी मैदानाच्या हिरवळीवर चोवीस फुटांचा चौरस, आठ खुंट, आणि चार व दोन फूट उंचीवर दोन दोर मागितले; येथवरही मजल आवाक्यात होती. नंतर १८६७ साली मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरी यांच्या नावे जे नियम प्रसिद्ध झाले त्यांतल्या पहिल्याच कलमात रिंग चोवीस फुटांची असावी, किंवा व्यवहारात जमेल तितकी त्या मापाच्या जवळपास असावी, अशा अर्थाची सवलत ठेवलेली आहे. ते वाचून मला गहिवरून आले. या ‘जमेल तितकी’मागे कोण्या इंग्रज उपसमितीने सोसलेले हाल मला स्वच्छ दिसू लागले. शिवाय हे नियम प्रत्यक्ष लिहिले होते जॉन ग्रॅहम चेंबर्स यांनी, आणि मार्क्विसमहाराजांनी दिले होते आपले नाव. म्हणजे काम एकाने करावे आणि पाटीवर नाव दुसऱ्याचे लागावे ही वहिवाट आमच्या व्यायामशाळेने सुरू केलेली नाही, असा निर्वाळाही अनायासे मिळाला.

हे ज्ञानभांडार घेऊन मी मैदानावर परतलो तो चबुतरा उभा राहिला होता. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्याची उंची किमान ९१ सेंटिमीटर आणि कमाल १.२२ मीटर असावी लागे. शाळेचे पटांगण ओढ्याकडे उतरते असल्यामुळे आमच्या चबुतऱ्याने या दोन्ही मर्यादांचे पालन एकाच वेळी केले होते: पश्चिमेस किमान आणि पूर्वेस कमाल. इतकी नियमनिष्ठा दाखवूनही तो सपाट होता असे मात्र नव्हे. सुभेदारसाहेबांनी फळ्यांच्या मध्यभागी एक लिंबू ठेवले, आणि ते लिंबू, कोणाचाही निरोप न घेता, ओढ्याकडे चालू लागले. मग पायांखाली विटा आल्या, विटांखाली पाचरी आल्या, गवंडी पाणसळ घेऊन आला, आणि त्याच्या पाठोपाठ शाळेतले भूमितीचे मास्तरही आले, ज्यांना कोणी बोलाविले नव्हते.

मास्तरांनी उभ्या केलेल्या चारही खांबांमधली अंतरे मोजली. वीस फूट, म्हणजे नियमाने चालणारे कमाल माप, चारी बाजूंना काटेकोर भरले आणि मांडववाल्यांनी मिशीवरून हात फिरविला.

“बाजू समान झाल्या म्हणून चौरस होत नाही,” मास्तर म्हणाले. “हा केवळ समभुज चौकोन. कर्ण मोजा.”

कर्ण मोजले. एक भरला अठ्ठावीस फूट आणि दुसरा साडेअठ्ठावीस फुटांहून अंमळ अधिक. मास्तरांनी जमिनीवर काटकीने गणित मांडून दोन्ही कर्ण अठ्ठावीस फूट तीन इंच आणि वर तिसऱ्या हिश्शाहून थोडे जास्त असे भरले पाहिजेत हे सिद्ध केले. त्या ‘थोड्या जास्त’चा शेवट कधीच होत नाही, कारण दोनचे वर्गमूळ अपरिमेय आहे, हेही त्यांनी सांगितले, आणि ऐकता ऐकता मांडववाल्यांचे निम्मे मजूर विडी ओढायला गेले. गवंड्याने दरम्यान खिशातून गाठी मारलेली सुतळी काढून तीन, चार, पाच अशा मापांनी कोपऱ्याचा काटकोन लावून टाकला होता.

“हा पायथागोरसचा सिद्धांत,” मास्तर हर्षभरित होऊन उद्गारले.

“न्हाई, आमच्या म्हाताऱ्याचा,” गवंडी म्हणाला.

शुल्बसूत्रांचा हवाला देऊन हा वाद मिटविता आला असता. पण मिटविण्यात कोणाचेच हित नव्हते, कारण तो चालू असेपर्यंत तुळया उचलाव्या लागत नव्हत्या.

फळ्यांवर नमदा अंथरण्याची वेळ आली तेव्हा त्याची एक पट्टी कमी भरली. शोधाअंती ती प्रमुख पाहुण्यांच्या सोफ्यासमोर पायघडी म्हणून अंथरलेली सापडली. कार्यवाह ती उचलू देईनात. “पाहुण्यांच्या पायांखालून कशी ओढायची हो? बरं दिसेल का?” असा त्यांचा सवाल होता, पाहुणे दुसऱ्या दिवशी यावयाचे होते. नमद्यावर कॅनव्हास पसरून त्याच्या कडांच्या छिद्रांतून दोरी ओवतात आणि ती चबुतऱ्याच्या खालून खेचून आवळतात. सुरकुतीत पाय अडकून मुष्टियोद्धा पडू नये यासाठी हा खटाटोप. या कामाकरिता शाळेच्या शिपायाच्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला, त्याच्या लहान चणीची प्रशंसा करून, चबुतऱ्याखाली सोडण्यात आले. वरून पाच वडीलधारी माणसे ‘ओढ’ म्हणत आणि तितकीच ‘सोड’ म्हणत; पोरगे मात्र शहाणे, ते आपल्या मताने चाले, आणि म्हणूनच कॅनव्हास ढोलकीच्या पानासारखा तणाणून बसला. त्या भरात मांडववाल्यांनी, लग्नाच्या सवयीने, चबुतऱ्याला चारी बाजूंनी जांभळी झालर ठोकून टाकली आणि सर्वजण चहाला बसले. दुसरा कप चालू असताना जमिनीतून आवाज आला, “काका, मला न्हाई का च्या?” वस्तादांनी मारुतीचे नाव घेतले. कप झालरीखालून सरकविण्यात आला.

दोरांची कथा याहून करुण आहे. सुभेदारसाहेबांच्या पलटणीत ४०, ८० आणि १३० सेंटिमीटर उंचीवर तीन दोर असत, पोत्यातून निघाले चार, आणि एके काळी नियमांना दोन्ही मंजूर असल्यामुळे दोन्ही पक्षांना कागदाचा आधार होता. “तीन दोरांत मी सगळी नोकरी काढली,” सुभेदारसाहेब म्हणाले. “चौथा घाबरटांसाठी.” पोरांनी चौथ्याचा आग्रह धरला, आणि निकाल त्यांच्या बाजूने लागेपर्यंत तो चौथा दोर स्त्रियांची बैठक पुरुषांपासून विभक्त करण्याच्या कामी बांबूंवर बांधला गेला होता, तो सोडविताना महिला मंडळाने जी कैफियत ऐकविली ती कामकाजवहीत घेतलेली नाही.

प्रत्येक खांबाला चार टर्नबकल, म्हणजे एकूण सोळा, आणि त्यांनी दोर ताणायचे. वरकरणी सोपे. परंतु एका बाजूचा दोर ताणला की खांब तसूभर तिकडे झुकतो, आणि तो झुकताच पलीकडच्या बाजूचे चारही दोर माना टाकतात. ते ताणावेत तर अलीकडचे ढिले पडतात. समोरासमोरचे दोन जमवावेत तर आडवे दोन रुसतात. मी पान्हा घेऊन या सोळांभोवती प्रदक्षिणा घालीत होतो. वस्तुतः तो पान्हा त्यांपैकी एकालाही लागू पडत नव्हता. पण तो हातात आहे तोवर ‘तुम्ही स्वस्थ का उभे?’ असे विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, आणि सार्वजनिक कार्यात अवजाराचा याहून मोठा उपयोग मी तरी पाहिलेला नाही.

कोपऱ्यांचे रंगही एक प्रकरण होऊन बसले. एक कोपरा लाल, त्याच्या समोरचा तिरका निळा, आणि उरलेले दोन पांढरे म्हणजे तटस्थ, असा दंडक आहे. आमच्या छायाचित्रकाराने लाल आणि निळ्या गाद्या शेजारी-शेजारी बांधविल्या होत्या, कारण दोन्ही पहिलवान एका फोटोत आले पाहिजेत. त्या सोडवून तिरक्या केल्या तेव्हा अध्यक्षांनी पांढऱ्या कोपऱ्यांत कोण बसणार याची चौकशी केली. तेथे कोणी बसायचे नसते, असे सुभेदारसाहेबांनी सांगितले.

“मग ते बांधलेत कशाला?” अध्यक्ष म्हणाले. गावात दोन तट असून दोहोंच्या बैठकांना ते हजर राहत असत, हे येथे सांगितले पाहिजे.

घंटा म्हणून शाळेचा टोल मिळाला. शुक्रवारी दुपारी तिची तालीम घेतली. पहिल्या फेरीचा टोल पडताच विद्यार्थी घरी गेले आणि दुसऱ्या फेरीचा पडताच शिक्षक.

उत्सवाच्या दिवशी प्रमुख पाहुणे वेळेवर आले, आणि येथेच घात झाला. सुभेदारसाहेब अद्याप शेवटच्या चार टर्नबकलांशी झगडत होते. रिंगला तीन शिड्या असतात: दोन लढवय्यांच्या आणि एक पंचांची व वैद्यांची. उद्घाटकासाठी शिडीची तरतूद क्वीन्सबेरींपासून आजतागायत कोणीही केलेली नाही. पाहुणे निळ्या कोपऱ्याच्या शिडीने चढले, आणि फीत बांधली होती लाल बाजूस. ठोसे चुकविताना लढवय्या दोरांमधून बाहेर फेकला जाऊ नये म्हणून प्रत्येक बाजूचे चारही दोर दोन ठिकाणी उभ्या कापडी पट्ट्यांनी एकमेकांशी जखडलेले असतात. पाहुण्यांनी आयुष्यात अगणित फिती कापल्या होत्या. समोर ताणलेली पांढरी पट्टी आणि हातात कात्री असा योग जुळल्यावर त्यांनी चौकशीत वेळ दवडला नाही. टाळ्या झाल्या. टाळ्यांनी प्रोत्साहित होऊन त्यांनी दुसरीही कापली. बाजूचे चारही दोर चार दिशांना मोकळे झाले, आणि ते सावरण्यासाठी तीन स्वयंसेवक एकदम त्यांना लोंबकळले तेव्हा निळ्या कोपऱ्याचा खांब बुडातून कुरकुरला.

“खाली कोणीतरी जा! खांबाचा पाय धरा!” सुभेदारसाहेब गरजले.

सर्वांनी ज्याच्या हाती पान्हा होता त्याच्याकडे पाहिले.

झालरीखाली मी शिरलो तेव्हा शिपायाचा मुलगा तेथे आधीच होता. जागा त्याला पसंत पडली असावी. त्याने कालचे चहाचे कप एका रांगेत मांडले होते आणि चिवड्याची पुडी सोडली होती. मी खांबाच्या बुडाला मिठी मारून बसलो. पट्ट्या पुन्हा शिवल्या गेल्या, टोल पडला, आणि आमच्या डोक्यावर लढतींस प्रारंभ झाला.

“निळा पुढं सरकतोय,” मुलगा म्हणाला.

“तुला कसं कळतं रे?”

“लाल धपधप मागं येतोय आपल्याकडं. निळा डावरा दिसतोय, त्येचा उजवा पाय म्होरं हाय.”

फळ्यांच्या फटींतून नमद्याची धूळ गळत होती आणि मी शिंक आवरीत होतो, कारण शिंकेने खांब हलला असता. वर एकदम मोठा धडाका झाला. मोजणी ऐकू आली: एक, दोन, तीन. बाहेरून, अगदी झालरीला लागून, वस्तादांचा समाधानी स्वर आला, “म्हनलं न्हवतं? नुसता आवाज होतो.” आठावर मोजणी थांबली आणि पावले पुन्हा वाजू लागली. चुकून आम्ही दोघांनीही टाळ्या वाजविल्या, खांब कुरकुरला, आणि मी पुन्हा मिठी मारली.

लढती संपल्या, भाषणे झाली. अध्यक्ष समारोपास उभे राहिले तेव्हा त्यांच्या वजनाने तुळई एवढी वाकली की मला मान तिरपी करून बसावे लागले. आभारप्रदर्शनात कार्यवाहांनी उपसमितीच्या तांत्रिक सदस्यांच्या परिश्रमांचा गौरवपूर्ण उल्लेख केला आणि नारळ स्वीकारण्यासाठी त्यांनी मंचावर यावे अशी विनंती केली. मी मंचापासून हातभर अंतरावर, पण चुकीच्या बाजूस होतो. “आवो, हितंच हुतं की मघाशी,” असे मांडववाले सांगताना ऐकू आले. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर मी मुलाला झालरीबाहेर पिटाळले.

तो बऱ्याच वेळाने परतला. त्याच्या तळहातावर खोबऱ्याचा एक तुकडा होता.

“बाकीचा कुठं आहे?” मी विचारले.

“उपसमितीत वाटला,” तो म्हणाला, आणि तो तुकडा मोडून त्यातला अर्धा त्याने तोंडात टाकला.